नकाशांच्या खोलीत मिटलेली भांडणं

मुलींच्या शाळेत भांडणं होत नाहीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुलींची शाळा आतून पाहिलेली नसते. मी सोलापुरात एका मुलींच्या हायस्कुलात भूगोल शिकवला आणि त्यातली बरीच वर्षं पर्यवेक्षिका म्हणून काढली. पर्यवेक्षिका म्हणजे काय हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "शिकवतेस ते ठीक आहे, पण वर आणखी बघतेस काय?" असं त्या विचारायच्या. मी बघत होते ती भांडणं. संस्था, शिक्षणखातं आणि पगारपत्रकं मोठ्या बाई सांभाळायच्या, मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. वर्गात काय शिकवायचं ते ज्याचं त्याला माहीत होतं. उरलेलं सगळं, म्हणजे ओढलेल्या वेण्या, फाडलेल्या वह्या, सांडलेली शाई आणि धरलेले अबोले, माझ्या टेबलावर यायचं.

भांडणांनाही वेळ असते. पहिले दोन तास शांततेत जातात. छोट्या सुट्टीत ठिणगी पडते आणि मधल्या सुट्टीत भडका उडतो. शनिवारी सकाळच्या शाळेत कुणी भांडत नाही, कारण निम्म्या मुली झोपेत असतात. उन्हाळा लागून नळाची धार करंगळीएवढी झाली की मात्र रांगेत रोज कुणाची ना कुणाची जुंपायची. आमची शाळा गिरण्यांच्या आणि मागांच्या भागात होती. मुली घरी तेलुगू बोलणाऱ्या, कानडी बोलणाऱ्या, दखनी बोलणाऱ्या, आणि गावाकडून मावशी-मामांकडे शिकायला आलेल्या. भांडण चार भाषांत पेटायचं, माझ्यापर्यंत एका मराठीत यायचं, आणि येता येता त्यातलं निम्मं वाटेत सांडायचं.

निवाड्यासाठी माझ्याकडे तीन हत्यारं होती. छडी, वर्गाबाहेर उभं करणं आणि चिठ्ठी. छडी मी फार वापरली नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही. चिठ्ठीनं काम होत होतं. "आपल्या पाल्याच्या वर्तणुकीसंबंधी बोलावयाचे आहे, तरी उद्या अकरा वाजता शाळेत यावे." एवढाच मजकूर. मुलांच्या शाळेत असली चिठ्ठी गेली की बाप येतो, सगळ्यांदेखत पोराच्या एक थोबाडीत देतो आणि चहा पिऊन जातो. मुलींचं तसं नव्हतं. हे मला कळायला एक मुलगी गमवावी लागली.

ती महादेवी. दुधनीची, नववीतली. इथं आत्याकडे राहायची. मराठी बोलताना अडखळायची, पण नकाशा काढायला बसली की सगळ्या वर्गाला मागे टाकायची. एके दिवशी तिनं शेजारणीच्या हातावर कंपासचं टोक मारलं. रक्त आलं. मी विचारलं, "का मारलंस?" ती काही बोलेना. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायला मला वेळ नव्हता. चिठ्ठी लिहिली.

आत्यानं निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिचे वडील आले. डोक्याला पटका, हातात टोपी नसल्यामुळे काय करावं न सुचणारे हात. माझं सगळं त्यांनी उभ्यानंच ऐकून घेतलं.

"तुमचा दोष न्हाय बाई," ते म्हणाले. "आमीच चुकलो. पोरीला लई शिकवायला गेलो. दाखला द्या, नेतो."

मी म्हटलं, "अहो, दाखला कशाला? समज द्या फक्त."

"समज दिली की. आता घरीच द्यायची."

त्या दुपारी महादेवी गेली. पुढच्या लग्नसराईत तिचं लग्न झाल्याचं आत्याकडून समजलं. आणि ते समजल्यावर वर्गातल्या एका मुलीनं धीर करून मला सांगितलं की शेजारीण महिनाभर महादेवीच्या बोलण्याची नक्कल करत होती, आणि त्या दिवशी तिनं महादेवीचा नकाशा चुरगळला होता. मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही विचारलं नाही, बाई." खरंच विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात आरोपी आणि साक्षीदार दोघेही बारा-चौदा वर्षांचे असतात आणि न्यायाधीशाला पुढचा तास घ्यायचा असतो.

त्यानंतर मी चिठ्ठ्या कमी केल्या. पण भांडणं कमी झाली नाहीत. चिठ्ठी नाही, तर काय? हे मला माहीत नव्हतं.

अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची नवी पद्धत आली, त्या सुमाराची गोष्ट. मधली सुट्टी संपत आली असताना आमच्या शिपाई अंबूमावशी धावत आल्या.

"बाई, चला लवकर. नळावर पोरींनी दात पाडलाय एकीचा."

मी गेले. नववीतली रजनी तोंडावर ओढणी दाबून बसली होती, ओढणी लाल झालेली. समोर शैला उभी, भिंतीला टेकून, ओठ घट्ट मिटलेले. शैलानं ढकललं, रजनीचं तोंड नळाच्या तोटीवर आपटलं आणि पुढचा दात अर्धा तुटला, एवढं बघणाऱ्या सगळ्याजणी सांगत होत्या. त्यापलीकडे एकीचं दुसरीशी जुळत नव्हतं.

अंबूमावशींनी रजनीला नगरपालिकेच्या दवाखान्यात नेलं. मी शैलाला माझ्या टेबलापाशी उभं केलं आणि कागद पुढे ओढला. शैला वैरागची. वडील शेती करायचे, ती इथं मामाकडे राहायची. मामाला स्वतःची चार मुलं होती आणि भाचीला ठेवून घेतल्याचं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. चिठ्ठी गेली असती तर शैला त्याच आठवड्यात वैरागच्या एस्टीत बसली असती. रजनीचं घर मागवाल्यांच्या तेलुगू वस्तीत. वडील मागावर, आई विड्या वळायची, आणि घरी राहणारी मुलगी म्हणजे विड्या वळणारे आणखी दोन हात. शाळेत मुलीचे दात पडतात एवढं कारण तिच्या घराला पुरलं असतं. दोघींची नावं माझ्यासमोर होती आणि माझ्या पेनात शाई होती. मला महादेवीच्या वडिलांचे ते हात दिसायला लागले.

दारात कुणीतरी उभं होतं. शमीम. दोघींच्याच वर्गातली, बारीक चणीची, कायम तिसऱ्या बाकावर बसणारी मुलगी. वर्गात पहिली नाही, शेवटची नाही, म्हणून माझ्या फारशी लक्षातही नसणारी.

"बाई, चिठ्ठी आत्ताच नका ना देऊ."

"तुला कुणी सांगितलं मी चिठ्ठी देतेय म्हणून?"

"कागद काढलात की तुम्ही."

"दात पडलाय तिचा, शमीम."

"व्हय बाई. पण दोघींना एकमेकींचं ऐकूच आलेलं नाही अजून. मला एक सुट्टी द्या. मी एकीचं दुसरीला सांगते."

मी म्हटलं, "दोघींना मराठी येतं. तू काय सांगणार?"

तेव्हा तिनं जे सांगितलं ते मी पुढे कितीतरी शिक्षकांना ऐकवलं आहे. शमीमच्या घरी दखनी, गल्लीत सगळी तेलुगू घरं, आणि शाळा मराठी. त्यामुळे लहानपणापासून गल्लीतल्या म्हाताऱ्या तिला दवाखान्यात घेऊन जायच्या. डॉक्टर मराठीत बोलायचे, म्हातारी तेलुगूत, मधे ही.

"त्यात एक असतं बाई," ती म्हणाली. "जे बोलले तेवढंच सांगायचं. आपलं काही घालायचं नाही. एकदा मी आपलं घातलं. डॉक्टर म्हणाले एक गोळी, मला वाटलं आजीला लई दुखतंय, मी म्हटलं दोन. आजी दोन दिवस उठली नाही. तेव्हापासून नाही घालत."

मी पेनाला टोपण लावलं. शहाणपण सुचलं म्हणून नव्हे; मला तरी दुसरं काय सुचत होतं?

दुसऱ्या दिवशी रजनी आली. दवाखान्यात जखम धुऊन औषध लावलं होतं, ओठ सुजलेला होता. घरी काय सांगितलंस, असं मी विचारलं तर म्हणाली, "पडले म्हटलं." मधल्या सुट्टीत मी तिघींना नकाशांच्या खोलीत नेलं. ती माझी खोली. गुंडाळलेले नकाशे, पृथ्वीचा एक फुटका गोल आणि तीन बाकं. शमीमनं मला अट घातली होती की मी खोलीत बसले तर चालेल, पण बोलायचं नाही. मी कोपऱ्यात वह्या तपासत बसले. त्या दिवशी मी एकही वही तपासली नाही. नुसती पानं उलटत होते.

शमीम मधल्या बाकावर बसली. म्हणाली, "एकजण बोलेल तेव्हा दुसरीनं गप्प राहायचं. मग मी तेच सांगणार. चुकलं तर सांगा, चुकलं म्हणून."

मग शैला म्हणाली, "मी न्हाय सुरुवात केली. ती सगळ्यांत म्हणाली, दुसऱ्याच्या घरचं खाऊन माजलीय."

शमीम रजनीकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "शैला म्हणतेय, तू सगळ्यांसमोर म्हणालीस की ती दुसऱ्याच्या घरचं खाऊन माजलीय."

रजनी एकदम म्हणाली, "म्हणाले! पण ती काय म्हणाली ते विचार की. माझ्या अंगाला तंबाखूचा वास येतो म्हणाली. माझ्या रांगेत उभी राहू नको म्हणाली."

शमीम शैलाकडे वळली. "रजनी म्हणतेय, तू म्हणालीस तिच्या अंगाला तंबाखूचा वास येतो, माझ्या रांगेत उभी राहू नको."

हे ऐकताना शैलाचा चेहरा मी वहीवरून पाहिला. स्वतःच्याच तोंडानं म्हटलेलं वाक्य ती पहिल्यांदा ऐकत होती. भांडणात आपण बोलतो ते आपल्याला ऐकू येत नाही. दुसऱ्याच्या तोंडून, न ओरडता, तसंच्या तसं परत आलं की ते फार वाईट ऐकू येतं.

"येतो वास," रजनी हळूच म्हणाली. आता ती शमीमशी नाही, बाकाशी बोलत होती. "शाळेतून गेल्यावर मी आईसंगं विड्या वळते. साबणानं घासले तरी हात तसेच राहतात. मला माहीत हाय येतो ते."

शमीमनं तेही शैलाला सांगितलं, शब्दाला शब्द. शैला म्हणाली, "मला ठाऊक न्हवतं." मग म्हणाली, "मामी रोज म्हणती तसं, खाऊन माजलीस म्हणून. हिला कुणी सांगितलं मला वाटलं. मामीनंच सांगितलं असंल वाटलं."

"मला कुणी नाही सांगितलं," रजनी म्हणाली. "मी नुसतं म्हटलं."

आणि दोघी रडायला लागल्या. मी उठणार होते. शमीमनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी परत बसले. चाळिशी ओलांडलेल्या पर्यवेक्षिकेला नववीतल्या मुलीनं डोळ्यांनी खाली बसवल्याचा तो पहिलाच प्रसंग.

रडणं ओसरल्यावर शमीमनं दोघींना विचारलं, "आता काय पाहिजे?" हा प्रश्न मी माझ्या सगळ्या नोकरीत कुठल्याही मुलीला विचारला नव्हता. मी विचारायचे, "चूक कुणाची?" रजनीला माफी नको होती. ती म्हणाली, "दात पडला ते आईला एकदा कळणारच. कुणी ना कुणी सांगणार. मग ती म्हणणार, बस घरी."

तिघींनी बराच वेळ डोकं लावलं. खेळताना पडले असंच चालू ठेवावं, असंही निघालं. शेवटी शैलाच म्हणाली, "मी येते. मीच सांगते काकूंना."

मी तेव्हा न राहवून बोलले. "मी येऊ का बरोबर?"

"नको बाई," शमीम म्हणाली. "तुम्ही आलात तर शाळा आली. शैला आली तर शैलाच आली."

संध्याकाळी शाळा सुटल्यावर तिघी गेल्या. मी घरी भाजी चिरताना बोट कापून घेतलं. यांनी विचारलं, "आज लक्ष कुठं आहे?" मी सांगितलं नाही. काय सांगणार, की दोन मुलींची शाळा मी तिसऱ्या एका मुलीच्या भरवशावर सोडून आले आहे?

दुसऱ्या दिवशी मी घंटेच्या बरीच आधी फाटकापाशी जाऊन उभी राहिले. अंबूमावशी म्हणाल्या, "कुणी साहेब येणार हायत का बाई?" मी म्हटलं, नाही. मुली येत होत्या, जात होत्या. आणि मग कोपऱ्यावरून तिघी आल्या, एका रांगेत, शैलाच्या हातात रजनीचं दप्तर. मी फाटक सोडून चार पावलं पुढे गेले.

"काय म्हणाल्या आई?" मी विचारलं.

रजनी शमीमकडे बघून हसली, तुटक्या दातानं. शमीमनं सांगितलं, "शैलानं सांगितलं ते मी तेलुगूत सांगितलं. आधी त्या खूप बोलल्या, ते पण मी शैलाला सांगितलं, सगळं. मग म्हणाल्या, ढकलणाऱ्या खूप बघितल्या, सांगायला आलेली पहिल्यांदा बघितली. मग शैलाला विडीचं पान कापायला बसवलं. तिला येईना. मग हसल्या."

"शाळेचं काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या, बाई. दप्तर भरून दिलं."

ही बातमी मोठ्या बाईंपर्यंत गेलीच. त्यांनी मला बोलावलं. "क्षीरसागरबाई, आपण शाळा चालवतोय की ग्रामपंचायत?" मी झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "सहामाहीपर्यंत करून बघा," म्हणाल्या. "आणि दात मोजत जा."

मग आम्ही ते रीतसर सुरू केलं. प्रत्येक वर्गानं आपल्यातल्या दोघी निवडायच्या. हुशार किंवा लाडक्या नव्हे, तर जिच्यापाशी गुपित सांगितलं तर गुपित राहतं अशा. मुलींनी त्यांना नाव ठेवलं, मिटव्या. मधल्या सुट्टीत नकाशांची खोली त्यांची. मी आधी कोपऱ्यात बसायचे, पुढे दाराबाहेर, आणि हळूहळू स्टाफरूममध्ये. शमीमनं त्यांना शिकवलं, मी नाही.

सगळं गोड झालं असं नाही. आठवीच्या मिटव्यांनी महिन्याभरात कोर्टच थाटलं. एकीला चिंचा आणायची शिक्षा दिली, एकीला आठवडाभर दुसरीचं दप्तर वाहायला लावलं. चिंचा अर्थातच मिटव्यांनी खाल्ल्या. त्यांच्या खोकल्यावरून मला पत्ता लागला. मी त्यांना बोलावून सांगितलं की शिक्षा द्यायची ती माझी नोकरी आहे, तुमची नाही. एकजण म्हणाली, "मग आमची काय?" मी म्हटलं, "ऐकायची." ती म्हणाली, "ते लई अवघड हाय बाई." मला माहीत होतं. मला ते नोकरीचं विसावं वर्ष उलटल्यावर जमायला लागलं होतं, तेही पुरतं नाही.

पाचवीतल्या दोघी तर रोज यायच्या. भांडण एकच, खिडकीपाशी कोण बसणार. चार दिवसांनी मिटव्यांच्या लक्षात आलं की त्यांचं भांडण केव्हाच मिटलंय. त्यांना नकाशांच्या खोलीतला गोल फिरवायला आवडतो. मग त्यांना रोज दोन मिनिटं गोल फिरवायला दिला, आणि तक्रार बंद.

माझं टेबल रिकामं राहू लागलं. खरं सांगते, सुरुवातीला मला ते लागलं. इतकी वर्षं ज्यासाठी मुली मला घाबरत होत्या ते काम त्या माझ्याशिवाय करत होत्या, आणि माझ्यापेक्षा बरं. मग लक्षात आलं की मी दुपारचा चहा गरम पितेय. पगार तोच होता.

पण मिटव्यांची खरी परीक्षा झाली ती पुढच्या वर्षी, थंडी सुरू होताना. शमीम आता दहावीत होती. ती माझ्याकडे आली, बरोबर आठवीतली कुंदा. कुंदाचे वडील रेल्वेत होते, घर बौद्ध वस्तीत. अबोल, नेटकी मुलगी. तिला वर्गातल्या तिघींनी पाण्याच्या माठापाशी अडवलं होतं. तू माठातलं ओगराळं धरायचं नाही, आम्ही वरून ओतू. तीन दिवस हे चाललं होतं. कुंदा तीन दिवस शाळेत पाणी प्यायली नव्हती.

मी ऐकलं आणि माझ्या तोंडून गेलं, "मग बसवा की चौघींना खोलीत. तुमचंच काम आहे ते."

त्या तिघींतल्या एकीचे, माधुरीचे वडील वजनदार गृहस्थ होते. संस्थेत त्यांचं येणंजाणं होतं. मला ते माहीत होतं, आणि म्हणूनच मी ते वाक्य बोलले, हे मला बोलतानाही माहीत होतं.

शमीमनं मान हलवली. "नाही बाई. हे भांडण नाही. भांडणाला दोन बाजू असतात. हिनं काहीच केलेलं नाही. मी हिचं त्यांना सांगेन, पण त्यांचं हिला काय सांगू? ते शब्द मी हिला परत ऐकवू?"

मी दाराबाहेर कुणी आहे का ते पाहिलं.

"हे आमचं काम नाही," ती म्हणाली. "हे तुमचं आहे."

मी कुंदाला विचारलं, "तुला काय पाहिजे?" एवढं तरी मी शिकले होते.

"मला काही नको बाई," ती म्हणाली. "मला पाणी प्यायचं होतं फक्त."

मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चिठ्ठ्या लिहा. तिन्ही घरी. मजकूर मी सांगते." त्या दिवशी तासाला मी आठवीत गेले, आफ्रिकेचा नकाशा गुंडाळून ठेवला आणि झालं ते नाव घेऊन, आडपडदा न ठेवता सांगितलं. या शाळेत माठ एक आहे आणि ओगराळं एक आहे, ज्यांना ते मान्य नाही त्यांनी पाणी घरून आणावं आणि दाखला इथून न्यावा. माझा आवाज कापत होता. मुलींना तो रागानं कापतोय असं वाटलं असेल, तर बरंच.

दुसऱ्या दिवशी माधुरीचे वडील आले. बसायला सांगितलं तर बसले नाहीत. "लहान मुलींच्या गोष्टीत तुम्ही पालकांना चिठ्ठ्या पाठवता? आमच्या घरच्या रीती शाळेनं शिकवायच्या का?"

मी काही बोलायच्या आत मोठ्या बाईंनी टेबलाच्या खणातून कोरा दाखला काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. "घरच्या रीती घरी. इथली रीत ही. हवा असेल तर आत्ता भरून देते. पेनात शाई आहे."

ते दाखल्याकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात हिशेब चालू होता. वजनदार माणूस, संस्थेशी ओळख, उद्या आम्हा दोघींची बदली, चौकशी, काय काय. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "मुलगी हुशार आहे माझी," एवढंच म्हणाले. आवाज उतरला होता. "वर्ष वाया जाईल." त्यांनी दाखला हातानं माझ्याकडे सरकवला आणि गेले.

दार लागल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "घाबरला होतात?"

"हो."

"मीही," त्या म्हणाल्या आणि अंबूमावशींना दोन चहा सांगितले. तेवढा सुटल्यासारखा चहा मी आयुष्यात फार वेळा प्यायलेली नाही.

त्या दिवसापासून कुंदा स्वतःच्या हातानं पाणी घेऊन पिऊ लागली. पहिले काही दिवस अंबूमावशी माठापाशी उगाच काहीतरी पुसत उभ्या राहायच्या. मग त्याचीही गरज उरली नाही.

पंधरा दिवसांनी माधुरी मिटव्यांकडे आली. तिला कुंदाशी बोलायचं होतं. शमीमनं तिला हो म्हटलं नाही. ती आधी कुंदाकडे गेली आणि विचारलं. कुंदा म्हणाली, "अजून नाही." शमीमनं तेवढंच माधुरीला येऊन सांगितलं. अजून नाही. मी शमीमला म्हटलं, "समजाव की कुंदाला, ती मुलगी आपणहून आलीय." शमीम म्हणाली, "तिनं नाही म्हटलंय बाई." मी परत तो विषय काढला नाही.

स्नेहसंमेलन झालं, दहावीची सराव परीक्षा आली. शमीम, शैला आणि रजनी तिघी अभ्यासाला एकत्र बसू लागल्या, नकाशांच्या खोलीतच. एका दुपारी मी खडू घ्यायला गेले तर तिघी खोलीबाहेर पुस्तकं घेऊन बसलेल्या. दार लोटलेलं.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कुंदा आणि माधुरी," शमीम म्हणाली. "कुंदा आली सकाळी. म्हणाली, आता बसते."

"आणि मिटवणारी कोण आहे आत?"

"कुणी नाही. कुंदा म्हणाली, कुणी नको."

मी खडू न घेता तिथंच पायरीवर बसले. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. एकदा बराच वेळ शांतता झाली तेव्हा मी उठायला लागले. रजनीनं माझा पदर धरला. मी बसून राहिले.

काय बोलणं झालं ते मला आजही ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. दार उघडलं, आधी माधुरी बाहेर आली, डोळे पुसत, आणि वर्गाकडे गेली. मागून कुंदा आली. आम्हा चौघींना दारात बघून ती जरा थबकली, मग हसली आणि म्हणाली, "बाई, तास सुरू झाला का?"

"झाला," मी म्हटलं. "जा तू. मी येतेच."

तास माझाच होता. त्या दिवशी मी वर्गावर दहा मिनिटं उशिरा गेले, आणि खोलीत कोण बसलंय ते ठाऊक असलेल्या आठवीनं तोवर एकही आवाज केला नव्हता.